धानाचा हंगाम, कार्डाची तारीख आणि घरकर्ज

गोंदिया जिल्ह्यात उधारीलाही हंगाम असतो. जूनमध्ये पऱ्हे टाकायच्या वेळी कृषी केंद्रातून बी-खत उचललं जातं, जुलैत रोवणीची मजुरी कुठून तरी उभी केली जाते, मुलांच्या दप्तरापासून सणाच्या कपड्यांपर्यंत बरंच काही दुकानदाराच्या वहीवर चढतं. परतफेडीचा वायदा सगळीकडे एकच : ‘धान विकला की देतो.’ दुकानदार तो मान्य करतो, कारण त्याचाही धंदा याच चालीने चालतो. हलका धान दिवाळीच्या सुमारास निघतो, भारी त्यानंतर. आधारभूत खरेदी केंद्रावर माप झालं की चुकाऱ्याची वाट पाहणं सुरू होतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. पण चुकारा कोणत्या तारखेला खात्यात पडेल, हे कुणी ठरवून देत नाही. महिनाभर मागेपुढे झालं म्हणून इथे कुणाची पत जात नाही.

क्रेडिट कार्डाला हंगाम नसतो, तारीख असते. ती तारीख चुकली की दुकानदाराच्या वहीत नव्हे, तर देशातली कुठलीही बँक उघडून पाहू शकेल अशा नोंदीत खूण उमटते. एरवी त्या खुणेचं काही वाटत नाही. ती बोचते ती घरकर्जाच्या अर्जाच्या वेळी. म्हणून कुडवा किंवा फुलचूरकडे प्लॉट पाहून ठेवणाऱ्याने, नागपूर-पुण्यात फ्लॅट घ्यायच्या विचारात असलेल्याने, बँकेच्या पायऱ्या चढण्याच्या निदान सहा महिने आधी आपल्या कार्डाकडे पाहायला हवं.

कार्ड आता फक्त मोठ्या शहरांचं राहिलेलं नाही. जिल्हा परिषदेचे शिक्षक, रेल्वेचे कर्मचारी, तिरोड्याच्या वीज प्रकल्पातले तंत्रज्ञ, वैद्यकीय महाविद्यालयातले कर्मचारी, राईस मिलवाले आणि व्यापारी अशा अनेकांच्या पाकिटात एखादं तरी कार्ड असतं. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागलं, तेव्हापासून तर कार्ड बाहेर काढायचीही गरज उरली नाही. क्यूआर कोड स्कॅन केला की किराणा, पेट्रोल, मोबाइलचं रिचार्ज सगळं कार्डावर. खात्यातून गेलेला पैसा लगेच जाणवतो. कार्डावर चढलेला महिनाअखेरीला एकरकमी समोर येतो.

बँक काय वाचते?

कर्जदाराची माहिती गोळा करणाऱ्या चार कंपन्या भारतात आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. त्यांचं काम २००५ च्या पत माहिती कंपन्यांच्या कायद्याखाली आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालतं. सिबिल ही त्यांतली सर्वांत जुनी, २००० साली स्थापन झालेली. म्हणून बोलण्यात सगळ्याच अहवालांना ‘सिबिल’ म्हटलं जातं. गुणांक ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. ७५० च्या वर असला की बँका साधारणपणे समाधानी असतात, पण हा आकडा कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही. प्रत्येक बँकेची रेघ वेगळी असते.

लोक गुणांकाकडे पाहतात. कर्ज मंजूर करणारा अधिकारी अहवालाची पानं उलटतो. प्रत्येक कर्जाखाली, प्रत्येक कार्डाखाली त्याला महिन्यांच्या चौकोनांची एक पट्टी दिसते, मागच्या तीन वर्षांची. चौकोनात ‘०००’ असेल तर त्या महिन्यात काही थकलेलं नव्हतं. ‘०३०’ असेल तर हप्ता तीस दिवस उशिरा होता. ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलीच नाही. पट्टीभर शून्यं आणि मधेच एका नोव्हेंबरच्या घरात ‘०२७’ दिसलं, की अधिकाऱ्याची नजर तिथेच थांबते. चुकारा लांबला होता की पगार, हे त्या चौकोनाला ठाऊक नसतं.

शेतीकर्जाच्या बाबतीत मात्र खुद्द रिझर्व्ह बँकेने हंगाम मानला आहे. अल्प मुदतीच्या पिकांसाठी घेतलेलं पीककर्ज दोन हंगाम थकलं तर ते अनुत्पादक ठरतं. कार्डाचं तसं नाही. किमान देय रक्कम देय तारखेपासून ९० दिवसांत पूर्ण भरली नाही की ते खातं अनुत्पादक होतं. एकाच घरातल्या, एकाच धानावर चालणाऱ्या दोन कर्जांना ही दोन वेगळी मापं लागतात. हंगामी उधारीची सवय झालेल्या माणसाला कार्ड अवघड जातं ते यामुळे. त्याची नियत साफ असते, पैसाही येणार असतो. फक्त कार्डाला हवा त्या तारखेला तो हातात नसतो.

पूर्ण बिल भरलं, तरी अहवालात थकबाकी

‘मी दर महिन्याला पूर्ण बिल भरतो, मग माझा गुणांक कमी का?’ हा प्रश्न वरचेवर ऐकू येतो. उत्तर तारखांमध्ये आहे. समजा, कार्डाची मर्यादा एक लाख रुपये. बिल दर महिन्याच्या १४ तारखेला निघतं, भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ३. महिनाभरात ७२ हजारांचा खर्च झाला आणि ३ तारखेला सगळेच्या सगळे ७२ हजार भरले. व्याजाचा रुपयाही लागला नाही. पण बँकेने पत कंपनीला माहिती पाठवली ती मधल्या काळातली, आणि त्या वेळी कार्डावर ७२ हजार चढलेले होते. अहवाल सांगतो, या माणसाने मर्यादेच्या ७२ टक्के रक्कम वापरली आहे. पैसे भरले गेले, हे पुढच्या नोंदीत दिसेल. पण तोवर नवा खर्च चढलेला असतो.

मर्यादेच्या तुलनेत वापर किती, याला गुणांकात बरंच वजन असतं. हा वापर तीस टक्क्यांच्या आत ठेवावा, असा एक ठोकताळा आहे. तो नियम नव्हे, पण चांगला आहे. वर सांगितलेल्या माणसाने तेवढाच खर्च करून १२ तारखेलाच, म्हणजे बिल निघायच्या आधी, ५५ हजार भरून टाकले तर बिलावर १७ हजार उरतात आणि अहवालात वापर १७ टक्के दिसतो. खर्च तोच, पैसे तेच; फक्त भरायची तारीख अलीकडे आली.

१ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती निदान दर पंधरवड्याला, म्हणजे १५ तारखेची आणि महिनाअखेरीची, पत कंपन्यांना कळवावी लागते. आधी महिन्याची माहिती यायला बराच वेळ जाई. आता सुधारणा लवकर दिसते आणि चूकही लवकर दिसते. घरकर्जाचा अर्ज करायच्या आधीचे दोन-तीन महिने तरी बिलाच्या तारखेआधी, आणि १५ तारीख व महिनाअखेर गाठून, कार्डावरची बाकी खाली आणून ठेवावी.

दुसरी सोय अनेकांना माहीत नसते. कार्डाचं बिलचक्र किमान एकदा आपल्या सोयीने बदलून मागता येतं. रिझर्व्ह बँकेने तो हक्क दिला आहे. ज्याचा पगार महिन्याच्या पाच-सात तारखेपर्यंत येतो आणि देय तारीख मात्र दोन आहे, त्याने हे चक्र बदलून देय तारीख पंधराच्या पुढे नेली तर दर महिन्याची धावपळ संपते. देय तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच बँकेने ती थकबाकी पत कंपनीला कळवावी आणि विलंब शुल्क लावावं, असाही नियम आहे. पण या तीन दिवसांवर विसंबून राहू नये. मधे सुट्टी आली, सर्व्हर अडकला, यूपीआयचा व्यवहार लटकला की तीनाचे चार व्हायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा पूर्ण रकमेची आपोआप वजावट बँक खात्याला लावून टाकलेली बरी.

‘मिनिमम’चा सापळा

बिलावर दोन आकडे असतात. एक पूर्ण देय रक्कम, दुसरी किमान देय रक्कम. किमान भरली की अहवालात ‘०००’ येतं, म्हणून पुष्कळांना वाटतं की प्रश्न मिटला. हिशेब करून पाहू. कार्डावर ६० हजारांची बाकी आहे, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. महिन्याचं व्याज झालं २,१०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३७८ रुपये. एकूण २,४७८. किमान रक्कम बाकीच्या पाच टक्के धरली तर भरणा झाला ३,००० रुपयांचा. म्हणजे तीन हजार भरून मुद्दल कमी झालं ते फक्त ५२२ रुपयांनी. शिवाय बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या साखरेवरही आजपासून व्याज.

वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास जाणाऱ्या या व्याजाला वरची मर्यादा नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. तेव्हा या व्याजापासून सुटायचा मार्ग एकच : बाकी ठेवायची नाही.

कार्डाने एटीएममधून रोकड काढणं तर आणखी महाग. त्यावर त्याच दिवसापासून व्याज चालू होतं आणि शुल्क वेगळं. ते चुकवायला काही जण ओळखीच्या दुकानात कार्ड ‘घासून’ दीड-दोन टक्के कापून रोकड घेतात. माल न घेता केलेलं असं बिल कार्डाच्या अटींत बसत नाही, आणि महिन्यामागून महिना एकाच दुकानात मोठ्या गोल रकमा दिसल्या की बँकेला त्याचा अर्थ कळतो. घरकर्जाची फाइल उघडली असताना ही शंका अंगावर घेऊ नये.

हप्त्याला जागा किती?

गुणांक चांगला असूनही कर्ज अपेक्षेपेक्षा कमी मंजूर होतं, तेव्हा कारण बहुधा वेगळं असतं. बँक आधी पाहते, तुमच्या उत्पन्नातला किती भाग हप्त्यांत जाऊ शकतो. साधारण चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान प्रत्येक बँकेचं प्रमाण असतं. चालू हप्ते त्यातून वजा होतात आणि उरलेल्या जागेत घरकर्जाचा हप्ता बसवला जातो. कार्डाला ठरलेला हप्ता नसतो, म्हणून बऱ्याच बँका थकबाकीच्या पाच टक्के रक्कम दरमहाचा हप्ता म्हणून धरतात.

एक उदाहरण घेऊ. हातात येणारा पगार ५५ हजार. बँकेचं प्रमाण पन्नास टक्के, म्हणजे हप्त्यांसाठी २७,५०० रुपयांची जागा. मोटारसायकलचा हप्ता ३,५००, कार्डावर घेतलेल्या मोबाइलचा २,०००, आणि कार्डाची बाकी ८० हजार, तिचे पाच टक्के ४,०००. उरले १८ हजार. वीस वर्षं आणि साडेआठ टक्के व्याज धरलं तर एक लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. १८ हजारांत साधारण २० लाख ७५ हजारांचं कर्ज बसतं. आता हाच माणूस अर्जाच्या आधी कार्डाची बाकी आणि मोबाइलचा हप्ता फेडून मोकळा झाला, तर जागा २४ हजारांची होते आणि कर्ज २७ लाख ६५ हजारांपर्यंत जातं. फेडावी लागली लाखाच्या आसपास रक्कम; कर्जाची पात्रता वाढली जवळपास सात लाखांनी.

गुणांकाचा परिणाम व्याजदरावरही होतो. बँक ऑफ बडोदाने २०१७ मध्ये गृहकर्जाचा दर सिबिल गुणांकाशी जोडला, आणि पुढे इतर अनेक बँकांनी तीच वाट धरली. २५ लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर साडेआठऐवजी नऊ टक्के दर लागला तर हप्ता २१,६९६ वरून २२,४९३ वर जातो. महिन्याला आठशे रुपये म्हणजे फार वाटत नाहीत. वीस वर्षांत ते १ लाख ९१ हजारांच्या घरात जातात.

कर्ज वाढवून मिळत नाही म्हणून स्वतःचा हिस्सा कार्डावरून उभा करायचा मोहही होतो. ३० लाखांपर्यंतच्या घरकर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या टप्प्यात ८० टक्क्यांपर्यंत. उरलेला हिस्सा, आणि त्याशिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकिलाचा शोध अहवाल, हे सगळं स्वतःच्या खिशातून. त्यासाठी कार्डावरचं ‘झटपट कर्ज’ उचललं की ते पंधरवड्यात अहवालात दिसतं आणि हप्त्याची जागा पुन्हा आक्रसते.

वडिलांचं पीककर्जही फाइलमध्ये येतं

इकडे एक गोष्ट वारंवार घडते. घर बांधायचं मुलाने, पण प्लॉट किंवा गावठाणातली जागा वडिलांच्या नावावर. मग बँक वडिलांना सहअर्जदार म्हणून घेते आणि त्यांचाही अहवाल काढते. तिथे किसान क्रेडिट कार्ड निघतं. १९९८ मध्ये सुरू झालेलं हे कार्ड नावाने कार्ड असलं तरी आहे पीककर्ज. शेतीच्या चक्रावर चालणारं, व्याज सवलत असलेलं. दोघांची गल्लत करू नये. पण त्याचं नूतनीकरण राहून गेलं असेल, तर ‘आमचं तर सरकारी कर्ज आहे’ म्हणून ते अहवालातून सुटत नाही.

२०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफी योजनांत ज्यांचं खातं बसलं, त्यांनी तर अहवाल मुद्दाम तपासावा. योजनेची रक्कम जमा झाली, पण खातं अहवालात नीट ‘बंद’ दाखवलं गेलं आहे ना? नसेल तर शाखेकडून बेबाकीचा दाखला घेऊन दुरुस्ती करून घ्यावी लागते. जामीनदारीचंही तेच. मेहुण्याच्या ट्रॅक्टरला, मित्राच्या दुकानाला दिलेली सही आपल्या अहवालात बसलेली असते आणि त्याने थकवलं की त्याची छाया आपल्यावर पडते. पत्नी सहअर्जदार असेल तर बचत गटातून तिने घेतलेलं सूक्ष्म वित्त कंपनीचं कर्जही पाहून घ्यावं. तिच्या नावावरचा दोन हजारांचा हप्ताही हप्ताच असतो.

‘सेटल’ झालं म्हणजे मिटलं नव्हे

कार्डाची थकबाकी खूप वाढली की वसुलीवाल्याचा फोन येतो : ‘नव्वद हजार आहेत, चाळीस भरा, मिटवून टाकू.’ कधी ही तडजोड लोकअदालतीत होते. डोक्यावरचा भार उतरतो, पण अहवालात त्या कार्डापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो. बँकेच्या दृष्टीने त्याचा अर्थ ‘या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत’ असा होतो. गृहकर्ज देणारी बँक हा शेरा पाहून फाइल बाजूला ठेवू शकते. आधीच असा शेरा असेल तर उरलेली रक्कम भरून, बँकेकडून नो ड्यूज पत्र घेऊन तो ‘क्लोज्ड’ करवून घेता येतो. हे काम आठवड्यात होत नाही. म्हणूनच सहा महिने आधीपासून लागायचं.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे घाबरून सगळी कार्डं बंद करणं. समजा, दोन कार्डं आहेत. जुन्याची मर्यादा एक लाख, नव्याची ५० हजार. बाकी नव्यावर ३० हजार. एकूण दीड लाखात तीस हजार म्हणजे वीस टक्के वापर. जुनं कार्ड बंद केलं की तेच तीस हजार पन्नास हजारांपैकी होतात, साठ टक्के. शिवाय जुन्या कार्डाची चांगल्या परतफेडीची नोंद पुढे वाढायची थांबते. म्हणून जुनं, शुल्क नसलेलं कार्ड चालू ठेवावं आणि त्यावर महिन्याला छोटासा खर्च करून वेळेवर भरावा.

न वापरलेलं पण शुल्क लागणारं कार्ड मात्र धोक्याचं. पेट्रोल पंपावर किंवा मॉलमध्ये ‘फ्री आहे सर’ म्हणून घेतलेल्या कार्डावर दुसऱ्या वर्षी पाचशे रुपये वार्षिक शुल्क लागतं, संदेश जुन्या मोबाइल नंबरवर जातात, आणि घरकर्जाच्या वेळी कळतं की पाचशेचे विलंब शुल्कासह काही हजार झाले आहेत आणि पट्टीवर थकबाकीचे चौकोन उमटले आहेत. असं कार्ड बंद करायचं तर बाकी शून्य करून लेखी अर्ज द्यावा. बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं. नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये तिने ग्राहकाला द्यायचे असतात.

आणि ज्यांच्याकडे कार्डच नाही, कुठलं कर्जही नाही? त्यांचा गुणांकच तयार झालेला नसतो. केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आहे. तरीही वर्षभर हाताशी असेल तर मुदत ठेवीवर मिळणारं छोटं कार्ड घेऊन, त्यावर फक्त मोबाइलचं बिल ठेवून, दर महिन्याला पूर्ण फेडत राहणं हा पत उभी करण्याचा साधा उपाय आहे.

अहवाल आधी आपण वाचावा

प्रत्येक पत कंपनीने वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा नियम २०१७ पासून आहे. चार कंपन्या, चार फुकट अहवाल. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक घटत नाही. घटतो तो बँकांनी थोड्या दिवसांत वरचेवर चौकशी केल्याने. ‘चार ठिकाणी टाकून ठेवू, एक तरी होईल’ म्हणणारा एजंट एकाच आठवड्यात चार चौकशा करवतो आणि पाचव्या बँकेला वाटतं, या माणसाला पैशाची फार निकड दिसते.

अहवालात सर्वांत आधी नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ता पाहावा. पटले, बिसेन, रहांगडाले, मेश्राम ही आडनावं इथे गावागणिक भेटतात. त्यात नावही सारखं आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं, मग एकाचं कर्ज दुसऱ्याच्या अहवालात शिरायला वेळ लागत नाही. आपलं नसलेलं खातं, फेडूनही चालू दिसणारं कर्ज, चुकीचा ‘सेटल्ड’ शेरा, यांविरुद्ध पत कंपनीकडे तक्रार करता येते. तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. त्यानेही भागलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते.

सहा महिन्यांचा आराखडा

रोवणी करायची तर पऱ्हे आधी टाकावे लागतात, बांधीत पाणी आल्यावर ते विकत शोधत फिरण्यात अर्थ नसतो. घरकर्जाचंही तसंच आहे. सहा महिने आधी चारही अहवाल काढावेत, सहअर्जदाराचेही. त्याच महिन्यात चुकांच्या तक्रारी टाकाव्यात, सेटलमेंटचे शेरे आणि जामीनदारी तपासावी, बिलचक्र बदलून घ्यावं.

पाचव्या-चौथ्या महिन्यात सगळ्यात महाग कर्ज आधी फेडावं; म्हणजे कार्डाची बाकी, मग कार्डावरचे हप्ते. मुदत ठेवीवर सात टक्के मिळत असताना कार्डावर चाळीस टक्के भरत बसणं हा कुठल्याच हिशेबात न बसणारा व्यवहार आहे. या काळात नवं कार्ड नको, फायनान्सवर फ्रिज-टीव्ही नको, मर्यादा वाढवून देतो म्हणणाऱ्या फोनला सरळ नकार.

शेवटच्या तीन महिन्यांत वापर तीस टक्क्यांच्या आत, जमल्यास दहाच्या आसपास ठेवावा आणि बिल निघायच्या आधी भरावं. मग एकाच, फार तर दोन बँकांत चौकशी करावी. मंजुरीपत्र हातात आलं म्हणजे काम संपलं असं समजू नये. बांधकामाच्या टप्प्यांनुसार पैसे सुटतात आणि पहिला हप्ता सोडण्याआधी बँक अहवाल पुन्हा काढू शकते. मंजुरीच्या आनंदात मॉड्युलर किचनची आगाऊ रक्कम कार्डावर टाकली, तर ती त्या अहवालात ठळक दिसेल.

ज्यांचं घर धानावर चालतं, त्यांनी या आराखड्यात एक बदल करावा : अर्जाचा महिना हंगाम पाहून ठरवावा. जून-जुलैत खताचा आणि रोवणीचा खर्च चढलेला असतो, कार्डही भरलेलं असतं. तेव्हाचा अहवाल आपली सर्वांत वाईट बाजू दाखवतो. चुकारा आल्यानंतरचे महिने त्याहून बरे. तो खात्यात पडला की आधी कार्डाची बाकी शून्य करावी, आणि दोन महिन्यांच्या कार्डखर्चाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकून आपोआप वजावट तिला जोडून द्यावी. बी-खत आणि मजुरी किसान क्रेडिट कार्डावर राहू द्यावी, कारण ते कर्ज हंगामासाठीच आहे. क्रेडिट कार्डावर फक्त तेवढंच टाकावं जे येत्या महिन्याच्या पैशातून फेडता येईल. पुढची वीस वर्षं घरकर्जाचा हप्ताही महिन्याच्याच तारखेला जाणार आहे, पाऊस कसाही होवो. महिन्याच्या तारखेने चालण्याची सवय सहा महिने कार्डावर जमली, तर ती पुढे हप्त्यालाही जमेल; आणि या सहा महिन्यांतच ती जमेना, तर बँकेने नाही म्हणायच्या आधी आपणच कर्जाचा आकडा थोडा खाली आणलेला बरा.